घंटीखालचं शिंगरू

हळद्या आईचं दूध सोडायच्या बेताला आला तेव्हा चन्नबसप्पा आप्पा त्याला बघायला आले. बघायला म्हणजे सोयरीक जुळवायला आल्यासारखेच आले. धुतलेलं धोतर, डोक्याला कोरा रुमाल, आणि शारदेनं दिलेला चहा त्यांनी शिंगराकडं पाठ करून प्यायला. उभा जन्म आळंदपासून मालेगावच्या जत्रेपर्यंत घोड्यांच्या बाजारात गेलेला. ज्याचं मोल करायचं त्याच्याकडं आधी बघायचंच नाही, ही त्यांची जुनी खोड. बशी खाली ठेवल्यावर मात्र ते वळले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"दोरा आना बाई. सुताचा. नवा पायजे."

शारदेच्या सासूनं, म्हाळसाबाईनं, देव्हाऱ्यातला हळदीत बुडवून वाळवलेला दोरा काढून दिला. शारदेच्या नवऱ्यानं, बलभीमनं, शिंगराच्या मानेला मिठी मारून त्याला धरलं. आप्पांनी दोऱ्याचं एक टोक पुढच्या पायाच्या कोपरावर दाबलं, दुसरं खाली खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत नेलं आणि तिथं गाठ मारली. मग कोपरावरचं बोट न हलवता ती गाठ उचलून सरळ वर नेली. गाठ शिंगराच्या पाठीच्या पुष्कळ वर, मोकळ्या हवेत येऊन थांबली.

"हितवर येतंय," आप्पा म्हणाले. "पाय आईच्या पोटातनंच लांब घिऊन येतंय. अंग मागनं त्याच्या बरोबरीला येतंय. पोटाला कमी करू नगा, तेला हितवर यावंच लागतंय."

शारदेनं पुढं होऊन त्या रिकाम्या जागेवर हात धरून बघितला. तिच्या खांद्याच्याही वर. खाली शिंगरू तिच्या लुगड्याचा पदर चघळत होतं. एवढुसं जनावर इतकं वर येईल हे तिला खरं वाटेना, आणि खरं वाटल्याशिवाय तिचं भागणारही नव्हतं.

बलभीमनं तेवढ्याच उंचीची बाभळीची काठी तोडली, देवळात नेली आणि दीपमाळेजवळ उभी करून बघितली. काठी घंटीच्या बोटभर वर निघाली. त्यानं काठीवर घंटीच्या उंचीची खूण केली. त्या दिवशी बलभीम येताना जळकोटहून भजी घेऊन आला.

ती घंटी म्हणजे सगळ्या घराचं नशीब होतं. गावच्या खंडोबाच्या दीपमाळेतून एक आडवा लोखंडी दांडा निघतो, त्याला पितळेची घंटी लोंबते. चंपाषष्ठीला पालखीच्या पुढं देवाचा घोडा चालतो, आणि पालखी उचलायच्या आधी तो घोडा या घंटीखालून न्यावा लागतो. मानाच्या घरची बाई भिजल्या हरभऱ्याची परात दोन्ही हातांत धरून उलट्या पावली मागं चालते. घोडा परातीत तोंड घालून, मान खाली करून तिच्यामागून येतो. मानेच्या मुळाशी पाठीचा जो उंचवटा असतो तो घंटीला लागून घंटी वाजली, की घोडा देवाला पसंत. ज्याच्या घोड्यानं घंटी वाजते त्यानं ओढ्याकडचं घोडरान कसायचं, असं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. घोडरानात काळी जमीन, बारमाही विहीर आणि बलभीमचं दोन खणांचं पत्र्याचं घर. त्याशिवाय त्या घराला टीचभर जागा कुठं नव्हती.

शिंगराची आई, चंद्री घोडी, सालोसाल घंटी वाजवत आली होती, पण आता ती उतरणीला लागली होती. आप्पा येऊन गेले त्याच उन्हाळ्यात तिला पोटशूळ उठला. रातोरात लोळून लोळून तिनं दावणीपुढची जमीन उकरून काढली आणि दिवस उगवायच्या आत ती गेली. पंच जमले. देवस्थानचे आण्णासाहेब मधे बसले. रणधीर तिथंच बुलेटला टेकून उभा होता. लग्नाच्या वरातीला घोडी भाड्यानं देणारा रणधीर. त्याची पांढरी घोडी खांद्याला इतकी उंच की तिच्यावर चढायला नवरदेवाला खुर्ची लागायची.

"देवापुढं घोडं तर पायजे," आण्णासाहेब म्हणाले. "तवर रणधीरची घोडी चालंल. पर रान कुनाचं, त्ये घंटी ठरवंल. बलभीम, तुझं शिंगरू कंदी वाजवतंय घंटी?"

बलभीमनं आप्पांकडं बघितलं. आप्पाच म्हणाले, "दोरा म्या धरलोय. येतंय ते. दोन साल द्या."

"दिली दोन सालं. पुढं बोलायचं न्हाय," आण्णासाहेब म्हणाले, आणि पंचांनी माना हलवल्या.

पहिलं साल बरं गेलं. हळद्या पाण्यातल्या बोरूसारखा वाढला. अंगाचा रंग भंडाऱ्यासारखा पिवळा, आयाळ काळी. रोज सकाळी शारदा त्याला खरारा करायची आणि झाल्यावर देव्हाऱ्यातला दोरा आणून त्याच्या कोपराला लावायची. गाठ आणि पाठ यांच्यातली हवा कमी होत चालली होती. सासू ओट्यावरून विचारायची, "किती ऱ्हायलं गं?" आणि शारदा हातभर, मग वीतभर, असं दाखवायची. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला हाताचा पंजा तेवढा दिसायचा, पण ती समाधानानं मान हलवायची.

दुसऱ्या साली पाऊस फिरला. मृगात दोन सरी आल्या, सोयाबीन उगवलं, आणि मग आभाळ असं कोरडं झालं की पोळ्यापर्यंत पिकाची पानं हातात चुरायला लागली. विहिरीला तेवढं पाणी राहिलं. ते शेंदून शेंदून शारदेच्या तळहाताचे घट्टे फुटले. आधी घासाचा वाफा भिजवायचा, मग माणसांनी प्यायचं, हा त्या घरचा नेम झाला. म्हैस वैरणीअभावी बहिणीच्या गावी भूमला नेऊन बांधली. घरात चहा कोरा झाला. हरभरे भिजत घालायचे ते हळद्यासाठी. एकदा सासूनं अंधारात चाचपत त्यातले मूठभर तोंडात टाकले, तेव्हा शारदेनं फटकन तिचा हात धरला. नंतर ती न्हाणीत जाऊन पुष्कळ रडली, पण हरभरे तिनं हळद्यालाच घातले.

आणि हळद्याची वाढ थांबली. दोऱ्याची गाठ पाठीच्या वर बोटभर राहिली ती राहिलीच. महिना गेला, दीड महिना गेला, गाठ हलेना. दोरा घंटीच्या वर सांगत होता, तेव्हा बोटभर कमी असलं तरी घंटी लागायला हवी, हा हिशेब शारदा चुलीपुढं, विहिरीवर, चालता चालता मांडायची. पण बलभीमनं काठी लावून बघितलं तर हळद्या घंटीच्या अगदी काठावर येत होता. केसभर इकडं, केसभर तिकडं. एवढ्यावर सगळं घर टांगलेलं.

आप्पांना विचारावं तर ते आळंदला लेकीकडं मांडीचं हाड मोडून पडलेले. फोन लावला तर नुसतं "व्हय, येतंय, पोटाला घाला" एवढंच कानावर यायचं.

त्या दिवसांत सोलापूरचा नालबंद मोटारसायकलीला पेटी बांधून आला. वर्षातून तीन-चारदा यायचा, खुरं तासायचा, नाल बघायचा. बलभीम सोयाबीन उपटायला गेला होता. शारदा एकटीच दारात होती. नालबंदानं हळद्याचा पाय मांडीवर घेतला.

"वैनी, लई वाढल्यात खुरं. इतकी काढावी लागतील," त्यानं बोट आडवं धरून दाखवलं.

आडवं बोट! ज्या बोटाभर उंचीसाठी म्हातारीच्या तोंडचे हरभरे काढले, ते बोट हा माणूस कानशीनं घासून मातीत पाडणार. खूर म्हणजे काय, पायच की. पाय कमी झाला म्हणजे घोडा कमी झाला.

"आत्ता नगं भाऊ," ती म्हणाली. "चंपाषष्ठी झाल्यावर या."

"तवर लई उशीर हुईल. चाल बिघडंल त्येची."

"म्या सांगते न्हवं? नगं म्हंजी नगं."

नालबंद पाणी पिऊन गेला. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. दोन घास गिळून बलभीम म्हणाला, "बरं केलंस. माझ्या डोस्क्यात न्हवतं आलं." शारदेला त्या रात्री कित्येक दिवसांनी झोप लागली. आपल्या हातून शहाणपणाचं काही झालं, असं तिला वाटलं होतं, बिचारीला.

दिवाळीपर्यंत हळद्याची खुरं पुढं चपलेच्या टोकासारखी निघाली. बलभीम दोरा न लावता काठीच लावायचा, आणि काठी लावली की थोडा आनंद व्हायचा. घंटीची खूण आता ओलांडली होती. मग हळद्या दगडावर पाय ठेवताना थांबायला लागला. मग उभा राहिला की पुढचे पाय दूर पुढं टाकून, अंग मागं झुकवून उभा राहायचा, मऊ गादीत बुडल्यासारखा. पुढच्या पायांचे सांधे खाली बसले. शारदा त्यांना हळद-चुना लावायची, गरम विटेनं शेकायची. "थकलंय लेकरू," म्हाळसाबाई म्हणायची. "दुष्काळाचं थकलंय." शारदेनं नालबंदाचा नंबर शोधला. फोन लागला तेव्हा तो लातूरच्या बाजूला होता आणि चंपाषष्ठी चार दिवसांवर आली होती.

चंपाषष्ठीच्या सकाळी शारदेनं चंद्रीच्या वेळचीच हिरवी साडी नेसली. देवळापुढं माणूस मावत नव्हतं. ट्रॅक्टरवर, दीपमाळेच्या चौथऱ्यावर, पिंपळावर, सगळीकडं माणसं. रणधीरची पांढरी घोडी झूल घालून बाजूला उभी. आप्पाही आले होते, जीपमधून, काठीवर, नातवाच्या खांद्याला धरून. त्यांनी हळद्याला लांबून येताना बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई," ते शारदेला जवळ बोलवून म्हणाले, "हे खुरं कोन ठिवलं असं?"

"उंचीला ठिवली, आप्पा."

आप्पांनी डोळे मिटले. "पाय दुकतोय त्येचा. दुकता पाय पुडं टाकतंय, अंग खाली टाकतंय. उंची गेली की गं बाई, उंची गेली." आणि मग तिला नव्हे, स्वतःलाच म्हणाले, "म्या दोऱ्याचं सांगितलो. खुराचं सांगितलो न्हाय."

शारदा खुरांकडं बघायला वाकली. पण ढोल वाजला आणि कुणीतरी परात तिच्या हातात दिली. ती उलट्या पावली चालायला लागली. हळद्यानं परातीत तोंड घातलं. एक पाऊल, दुसरं. त्याचे ओठ हरभऱ्यात फिरत होते आणि डोळे तिच्याकडं. डोकं घंटीखालून गेलं, मान गेली. पाठीचा उंचवटा घंटीखाली आला.

घंटी लोंबत राहिली.

"थांबवा हितंच," आण्णासाहेब म्हणाले. ते चौथऱ्यावरून खाली आले आणि घंटी आणि पाठीच्या मधे बोटं घालून बघितली. दोन बोटं सहज गेली.

"शारदे, त्येला नीट हुबं कर!" बलभीम ओरडला. तो गर्दीतून पुढं आला, हळद्याच्या पोटाखाली खांदा लावून त्याला वर ढकलायला लागला. हळद्या कण्हला. माणसं हसली. आधी एकदोन, मग पुष्कळ. बलभीमच्या पागोट्याचा पेच सुटून घोड्याच्या पायांत आला तरी तो ढकलतच होता, आणि शारदा परात धरून तशीच उभी. शेवटी आप्पांनी काठीनं त्याच्या पाठीला स्पर्श केला आणि म्हणाले, "सोड बाळा, सोड."

रणधीरच्या घोडीनं जाताना घंटी नुसती वाजवली नाही, उडवली.

संक्रांतीच्या आत त्यांनी घोडरान सोडलं. घराचे पत्रे बलभीमनं उतरवून गाडीत टाकले, भिंती तशाच राहिल्या. गावात मारुतीच्या मागं एक खोली मिळाली, तिथं घोडा बांधायला जागा नव्हती आणि घालायला वैरण नव्हती. रणधीर आला. वाईट बोलला नाही, हेच जास्त लागलं.

"घोडं माझ्याकडं द्या, आजी," तो म्हाळसाबाईला म्हणाला. "त्येच्या जुन्या दावणीलाच बांधतो. तुमालाबी रानात काम हायच."

बलभीम उठून बाहेर गेला. शारदेनंच दावं सोडून रणधीरच्या हातात दिलं.

त्यानंतर ती रोज घोडरानात मजुरीला जायला लागली. ज्या विहिरीचं पाणी तिनं शेंदलं होतं तिच्यावर आता मोटार बसली होती. दुपारी भाकरी खायला सगळ्या बाया लिंबाखाली बसायच्या, ती दावणीकडं पाठ करून बसायची. हळद्या तिचा वास लागला की फुरफुरायचा. पहिल्याच महिन्यात नालबंद आला होता, त्यानं खुरं तासली होती, थोडी थोडी करत. उन्हाळ्यात हळद्या सरळ उभा राहायला लागला. पावसाळ्यात पाऊस चांगला झाला, घास उदंड आला आणि तो पुन्हा वाढायला लागला. शारदा बघत नव्हती, तरी तिला कळत होतं. खुरपताना तिच्या अंगावर त्याची सावली पडायची ती आदल्या महिन्यापेक्षा मोठी असायची.

कार्तिकात एका वरातीहून येताना हायवेवर टेम्पोनं रणधीरच्या पांढऱ्या घोडीला उडवलं. चंपाषष्ठीला त्याच्याकडं हळद्याशिवाय घोडं उरलं नाही.

सकाळी देवळापुढं परात रणधीरच्या बायकोनं, सोनालीनं धरली. हळद्यानं परात हुंगली आणि मान वर करून तो उभा राहिला. तिनं चुचकारलं, रणधीरनं लगाम ओढला, कुणीतरी मागून काठी घातली. हळद्यानं कान मागं टाकले आणि चारी पाय रोवले. ढोलवाले थांबले.

रणधीर गर्दीतून वाट काढत शारदेपाशी आला. तिच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "काकी, तेवढी परात तुमी धरा. तुमचंच ऐकतंय त्ये."

"मी कोन आता त्येची?"

"धरा काकी. आज घंटी न्हाय वाजली तर रान माझंबी जाईल, आन् असलं अडेलतट्टू घोडं म्या ठिवनार न्हाय. सरळ मालेगावच्या बाजारात. कसाई येत्यात तिथं, हाडं बघून घेत्यात."

शारदेनं बाजूला बघितलं. बलभीम लांब पिंपळाखाली उभा होता, मान खाली घालून. त्याच्याजवळ म्हाळसाबाई बसली होती, कान इकडं लावून. परात तिच्या हातात आली तर रणधीरचं रान तिच्या हातात होतं. एक पाऊल अडखळायचं, परात कलती करायची, हरभरा सांडायचा. हळद्या थांबला असता. घंटी वाजली नसती. रान रणधीरचं राहिलं नसतं. ते परत आपल्याला मिळालं नसतं हे तिला पुरतं कळत होतं, पण त्याला मिळालं नसतं. वर्षभर दुपारच्या भाकरीबरोबर गिळलेलं सगळं तिच्या घशाशी आलं.

तिनं परात घेतली. हळद्यानं लगेच तोंड घातलं. ओल्या हरभऱ्यात त्याचे ओठ चपाचप हलायला लागले, आणि त्याचे डोळे वर तिच्याकडं, अगदी तसेच.

"चल बाबा," ती हळूच म्हणाली आणि एक पाऊल मागं गेली.

तो आला. पाय सरळ पडत होते, खुरं गोल, नीट. डोकं गेलं. मान गेली. शारदेनं परात जमिनीला टेकेल इतकी खाली नेली, म्हणजे त्याची मान खाली राहावी, पाठ वर यावी. एक पाऊल. अजून एक.

घंटी वाजली. एकदा लागून गप्प झाली नाही. उंचवट्याला अडून तिरकी झाली, सुटली आणि वाजत राहिली. माणसांनी येळकोट केला, भंडारा उधळला. पिंपळाखालून म्हाळसाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर आला, "कुनाचं घोडं गं? कुनाच्या घोड्यानं वाजवली?"

शारदेनं परात खाली ठेवली आणि हळद्याच्या पाठीवर हात ठेवायला हात वर केला. तो तिच्या खांद्याच्याही वर न्यावा लागला. ज्या जागी आप्पांनी दोऱ्याची गाठ हवेत धरली होती, त्याच जागी तिचा तळहात टेकला. खाली गरम पाठ होती आणि तिच्यावर भंडारा पडत होता.

"व्हा बाजूला," सोनाली परात उचलत म्हणाली, "पालखी निघाली." शारदा बाजूला झाली.